उभ्या गाडीची बॅटरी

मुंबईच्या उपनगरांत गाडी असणं आणि गाडी चालवणं या दोन गोष्टी गेल्या दहा-बारा वर्षांत एकमेकींपासून बऱ्याच दूर गेल्या आहेत. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. २०२२ च्या गुढीपाडव्याला दहिसरहून निघणाऱ्या दोन मेट्रो मार्गांचे पहिले टप्पे उघडले, जानेवारी २०२३ मध्ये ते अंधेरीपर्यंत पोहोचले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही भुयारी मेट्रो धावू लागली. लोकल तर पहिल्यापासून आहेच. बोरिवलीहून अंधेरीला कामाला जाणाऱ्या माणसाला आता हायवेवर दीड तास क्लच दाबत बसण्याचं काही कारण उरलेलं नाही, आणि तिकडे पोहोचल्यावर गाडी लावायला जागाही नाही. ज्यांना आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करता येतं त्यांची गाडी तर सोमवार ते शुक्रवार हलतही नाही. मुलं परदेशी असलेल्या ज्येष्ठ जोडप्यांकडे गाडी असते ती रात्री-अपरात्री दवाखान्यात जावं लागलं तर हाताशी असावी म्हणून. हे सगळं शहराच्या दृष्टीनं चांगलंच आहे. पण अशी तीन आठवडे उभी राहिलेली गाडी नेमकी गरजेच्या वेळी सेल्फ घेत नाही, नुसती टकटक करते, आणि मालक म्हणतो, ‘गाडी वापरतच नाही, मग बॅटरी गेली कशी?’

या प्रश्नामागचं गृहीतक असं की वस्तू वापरल्यानं झिजते आणि ठेवून दिली की टिकते. टायरच्या नक्षीबद्दल ते खरं आहे, क्लचप्लेटबद्दल खरं आहे. बॅटरीच्या बाबतीत ते जवळजवळ उलटं आहे. मोटारीतली शिसं-आम्लाची बॅटरी उभी राहून मरते. ती का मरते हे एकदा नीट समजलं, तर उपनगरांतल्या पार्किंगमध्ये तिला जगवण्यासाठी सध्या जे उपाय केले जातात त्यांतले बरेचसे निरुपयोगी का आहेत आणि खरा उपाय कुठे आहे, हेही दिसू लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: कमी चालणाऱ्या गाडीला इंजिन मधूनमधून फिरवण्यापेक्षा ती जिथे उभी असते तिथे विजेची गरज आहे, आणि म्हणून हा प्रश्न गॅरेजवाल्याइतकाच हाउसिंग सोसायटीचाही आहे.

ही बॅटरी १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं बनवली. तिच्या रचनेत पुढे सुधारणा होत गेल्या, पण मूळ रसायन आजही तेच आहे. मुंबईच्या उपनगरांना ती परकी नाही. कांजूरमार्गला स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचा कारखाना होता आणि १९९८ मध्ये तो एक्साइडकडे गेला. बॅटरी बाहेरून एक डबा दिसत असली तरी आत सहा घरं असतात. प्रत्येक घरात शिशाच्या डायऑक्साइडच्या धन पट्ट्या आणि सच्छिद्र शिशाच्या ऋण पट्ट्या पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. एका घराचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेल्या सहा घरांचा १२.६ ते १२.७ व्होल्ट. वीज बाहेर जाऊ लागली की आम्लातला सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि लेड सल्फेट तयार होतं. आम्ल पातळ होत जातं. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी होते. लेड सल्फेट तयार होणं हा बॅटरीचा आजार नाही, ते तिचं रोजचं कामच आहे. आजार सुरू होतो तो बॅटरी उतरलेल्या अवस्थेत तशीच राहिली की. ताज्या सल्फेटचे कण बारीक असतात आणि चार्जिंगमध्ये सहज विरघळतात. दिवस जातात तसे ते कण एकत्र येऊन मोठे, कडक स्फटिक बनतात. हे स्फटिक वीज वाहून नेत नाहीत आणि साध्या चार्जिंगला दादही देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. म्हणजे बॅटरी एकदा उतरली आणि लगेच भरली, तर नुकसान थोडं. उतरलेल्या स्थितीत महिनाभर पडून राहिली, तर पुढे कितीही भरा, तिची मूळ ताकद परत येत नाही.

आता उभ्या गाडीत बॅटरी उतरते कशानं? एक तर आतल्या आत. काहीही जोडलेलं नसलं तरी २५ अंश तापमानाला शिसं-आम्लाची बॅटरी महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के वीज गमावते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग सुमारे दुप्पट होतो. पण याहून मोठी गळती गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेची आहे. लॉक करून चावी खिशात टाकली तरी आजची गाडी पूर्ण झोपत नाही. सेंट्रल लॉकिंग चावीच्या संदेशाची वाट पाहत असतं, चोरीविरोधी अलार्म जागा असतो, घड्याळ चालू असतं, इंजिनाच्या संगणकाला आपली स्मृती राखायची असते. या सगळ्यांची मिळून वीस ते पन्नास मिलिअँपिअर वीज सतत जाते, आणि एवढी जाणं हे दोषाचं लक्षण नाही. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास आणि आठवड्याला पाच. छोट्या गाड्यांत येणारी बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे काहीही बिघाड नसताना साडेतीन आठवड्यांत ती निम्म्यावर येते, आतली गळती धरली तर त्याआधीच. त्यात कोणी डॅशकॅम थेट बॅटरीला जोडलेला असेल, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये जीपीएस ट्रॅकर खुपसलेला असेल, किंवा गाडी धुणाऱ्यानं डिकी अर्धवट लावल्यामुळे आतला दिवा जळत राहिला असेल, तर महिन्याची गोष्ट काही दिवसांवर येते. चावी न फिरवता सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांची चावी भिंतीपलीकडे, गाडीपासून काही फुटांवर टांगलेली असेल, तर काही गाड्या तिच्या जवळ असण्यानं पुन्हा पुन्हा जाग्या होतात. फास्टॅगवर मात्र विनाकारण संशय घेतला जातो. त्या चिकटपट्टीला गाडीतून काहीच वीज लागत नाही.

बॅटरीबद्दलचा बराचसा सल्ला थंड देशांतून येतो, तिथे हिवाळ्यात इंजिनातलं तेल घट्ट होतं आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. मुंबईत ती भीती नाही. इथे शत्रू उष्णता आहे. अंधेरी-घाटकोपरची हवा वर्षातला बराच काळ तीस अंशांच्या आसपास असते, आणि उघड्यावर उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून बरीच जास्त. उष्णतेनं आतली गळती वाढते, धन पट्टीची जाळी गंजते, पाणी उडतं. सर्वसाधारण अंदाज असा की दर दहा अंश वाढीला बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. गाडीच्या पुस्तिकेच्या भाषांतरात कितीही वर्षं लिहिलेली असोत, इथे तीन-चार वर्षांनी बॅटरी थकली तर त्यात नवल नाही. जून ते सप्टेंबर या काळात सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचते, जोड ढिला पडतो, आणि बॅटरी भरलेली असूनही सेल्फपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही. या एका कारणानं चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात. नवीन बॅटरी घेण्याआधी टर्मिनल उघडून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, कोरडं करून, घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावून बघणं एवढं तरी करायलाच हवं.

उभं राहण्यानं बॅटरी मरते याचा सर्वांत मोठा पुरावा २०२० नं दिला. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि लाखो गाड्या एकाच वेळी, कुणाचंही काही चुकलेलं नसताना, महिनोन् महिने उभ्या राहिल्या. जूनच्या अखेरीस तर मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे विनाकारण जाऊ नये असं बजावलं आणि रस्त्यावर आलेल्या गाड्या जप्त केल्या. मोटार कंपन्यांना उभ्या गाडीची काळजी कशी घ्यावी याच्या सूचना ग्राहकांना पाठवाव्या लागल्या, आणि त्या सूचनांत बॅटरीचा मुद्दा ठळक होता. त्या काळात बसलेल्या बॅटऱ्या काही वापरून झिजलेल्या नव्हत्या. मीटरवर एकही किलोमीटर न वाढता त्या संपल्या. वर मांडलेला हिशेब लावला तर यात अनपेक्षित काहीच नाही.

तेव्हापासून एक पद्धत मात्र पक्की रुजली. रविवारी सकाळी खाली उतरायचं, गाडी सुरू करायची, पाच मिनिटं तशीच चालू ठेवायची, बंद करून वर यायचं. मनाला समाधान मिळतं, म्हणून या पद्धतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह लागतो, पण तो एक-दोन सेकंदच. हिशेबानं ही वीज जेमतेम एक दशांश अँपिअर-तास भरते. तेव्हा ‘सुरू करण्यातच बॅटरी जाते’ ही तक्रार खरी नाही. खरी अडचण भरण्याच्या बाजूला आहे. शिसं-आम्लाची बॅटरी वीज सावकाश घेते. इंजिन जागच्या जागी फिरत असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही पूर्ण ताकदीनं काम करत नाही. उदार होऊन दहा अँपिअर आत गेले असं धरलं तरी पाच मिनिटांत ०.८ अँपिअर-तास परत येतात, म्हणजे एका दिवसाच्या गळतीएवढे. आठवड्यातल्या सात दिवसांपैकी एका दिवसाची भरपाई होते आणि सहा दिवसांची तूट तशीच राहते. ‘मग आम्ही रोज पाच मिनिटं सुरू करू’ असं कुणी म्हणेल. कागदावर मग जमा-खर्च जेमतेम जुळतो, तोही एसी, पंखा, दिवे बंद ठेवून. पण त्याची किंमत इंजिन मोजतं. पाच मिनिटांत ते नीट तापत नाही. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साठून आतून गंज चढतो, आणि महिनाभरात दीडएक लिटर पेट्रोल बिल्डिंगच्या पोडियममध्ये धूर होऊन जातं. तो धूर खालच्या मजल्यांवरच्या घरांत शिरतो, हा वेगळाच अन्याय.

आठवड्यातून एकदा गाडी खरोखर चालवली तर चित्र बदलतं. चाळीस मिनिटं सलग चालवली तर त्याच हिशेबानं सहा-सात अँपिअर-तास परत मिळतात, आठवड्याच्या गळतीपेक्षा जास्त. इंजिन पूर्ण तापतं, तेलातलं पेट्रोल आणि सायलेन्सरमधलं पाणी उडून जातं, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज निघतो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. पण चालवणं म्हणजे काय, हे मुंबईत सांगावं लागतं. मुलुंडमध्ये घरून स्टेशनला कुणाला सोडून परत येणं म्हणजे दोन किलोमीटर, दोनदा सेल्फ आणि दहा मिनिटं. बॅटरीच्या दृष्टीनं ते रविवारच्या पाच मिनिटांचंच भावंड आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ तर त्याहून वाईट. पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरीच्या कोंडीत गाडी उभी आहे, हॅलोजनचे हेडलाइट नऊ अँपिअर घेताहेत, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा मिळून वीस-पंचवीस, वर वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारी तार. खर्च चाळीस अँपिअरच्या घरात जातो, आणि जागेवर फिरणारं इंजिन अल्टरनेटरकडून कसाबसा तेवढाच प्रवाह काढतं, कधी त्याहूनही कमी. दोन तास गाडी चालवून माणूस घरी येतो तेव्हा बॅटरी निघतानाइतकीच, क्वचित त्याहून रिकामी असू शकते. म्हणून फेरी मारायचीच तर पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, इंजिनाचे फेरे चांगले वाढलेले असताना मारावी. बोरिवलीकरांना घोडबंदरची वाट आहे, मुलुंडकरांना ऐरोलीचा पूल. शिवाय अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मुद्दाम हात राखून भरतो आणि बॅटरी पूर्ण भरूच देत नाही. अशा गाडीला साप्ताहिक फेरीसुद्धा काठावरच पुरते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ज्या माणसानं गाडी घरी ठेवून मेट्रो धरली, त्यानं शहरावर उपकार केले. त्याला केवळ बॅटरीसाठी दर रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर निरर्थक फिरायला सांगणं हे उलटं पाऊल आहे. रिकाम्या रस्त्यावर का होईना, धूर तो धूरच. पण या आक्षेपाचं उत्तर गाडी पुन्हा चालवणं हे नाहीच, ते साध्या प्लगमध्ये आहे. ३५ अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायची म्हटली तरी सव्वाचारशे वॉट-तास लागतात. चार्जरमधली तूट धरली तर साधारण अर्धा ते पाऊण युनिट. महिन्याची गळती भरून काढायला याहूनही कमी. जे काम करायला दर आठवड्याला लिटर-दीड लिटर पेट्रोल लागतं, ते एका युनिटच्या आत होतं, आणि चांगलं होतं. कारण बॅटरीचे शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात, तेवढा वेळ रस्त्यावर कुणी देऊ शकत नाही. भिंतीतला प्लग रात्रभर देऊ शकतो. चार्जर मात्र बॅटरी भरल्यावर स्वतः प्रवाह कमी करून तिला सव्वातेरा-साडेतेरा व्होल्टवर धरून ठेवणारा असावा. गॅरेजमधला जुना, जाडजूड चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवला तर पाणी आटवतो आणि पट्ट्या खराब करतो. ज्यांची गाडी उघड्यावर, उन्हात उभी असते त्यांना दहा वॉटचं छोटं सौर पॅनेलही चालतं. दिवसाला दोन अँपिअर-तास सहज मिळतात, गळतीच्या दुपटीहून जास्त. पावसाळ्याचे चार महिने मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही.

चार्जर नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे ऋण टर्मिनल काढून ठेवणं. महिन्याभराच्या प्रवासाला जाताना हे जरूर करावं. आधी ऋण काढायचं, लावताना ते शेवटी लावायचं, म्हणजे पाना चुकून गाडीच्या धातूला टेकला तरी ठिणगी पडत नाही. गाडीची गळती थांबते, बॅटरीच्या आतली सुरू राहते. पण ही सवय दर आठवड्याला चालणारी नाही. घड्याळ, रेडिओ, काचांची एका बोटानं वर जाण्याची सोय हे सगळं पुन्हा लावावं लागतं आणि अलार्म बंद राहतो. घरातली गाडी दवाखान्यासाठी ठेवली असेल, तर रात्री दोन वाजता टॉर्च धरून पाना शोधावा लागणं हे त्या ठेवण्याच्या हेतूलाच मारक आहे.

‘एवढा खटाटोप कशाला? तीन वर्षांनी नवी बॅटरी टाकू, वॉरंटी आहेच,’ हा आक्षेप व्यवहारी वाटतो, पण तो टिकत नाही. वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते. उतरलेली बॅटरी घेऊन गेलात तर दुकानदार ती चार्जिंगला लावतो, तपासतो आणि परत देतो. सल्फेट चढून अर्धमेली झालेली बॅटरी चार्जिंगनंतर चाचणीत बऱ्याचदा पासही होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा बसते. आणि अशी बॅटरी ऐनवेळी बसली तर काय होतं, यासाठी २६ जुलै २००५ आठवावी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी चढू लागल्यावर गाडी उंचावर न्यायला तासभरसुद्धा मिळत नाही. सेल्फ न घेणारी गाडी पाण्यात जाते आणि तिच्यापुढे बॅटरीची किंमत किरकोळ ठरते. शिवाय ही फक्त मालकाच्या खिशाची बाब नाही. बॅटरीच्या वजनातला अर्ध्याहून अधिक भाग शिशाचा असतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानं जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं घातक प्रमाण असल्याचं सांगितलं, त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. बॅटऱ्या फोडून उघड्या भट्टीत शिसं वितळवणारे बेकायदा धंदे हे त्याचं एक प्रमुख कारण म्हणून त्या अहवालात नोंदलं आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. जुनी बॅटरी अधिकृत दुकानात देऊन नव्या बॅटरीवर सूट घ्यावी, चार पैसे जास्त देतो म्हणून भंगारवाल्याला देऊ नये. त्याहून बरं म्हणजे पाच वर्षं टिकू शकणारी बॅटरी अडीच वर्षांत मारू नये. वेळेआधी मेलेली प्रत्येक बॅटरी कुठल्यातरी भट्टीवर जायची शक्यता वाढवते.

बॅटरीची तब्येत ओळखायला मेकॅनिकची गरज नाही. लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता दोन टर्मिनलांमधला दाब मोजावा. १२.६ च्या वर असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. १२.४ च्या खाली गेली की भरायची, १२ पर्यंत वाट पाहायची नाही. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसला पाहिजे. सुधारित अल्टरनेटरच्या गाड्यांत तो थोडा कमी-जास्त होईल, पण बॅटरीच्या विश्रांतीच्या आकड्याइतकाच राहिला तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा आहे. रात्री भरलेली बॅटरी दोन दिवसांत पुन्हा १२.२ वर येत असेल, तर कुठेतरी जादा गळती आहे आणि ती ऑटो-इलेक्ट्रिशियनला शोधायला लावावी. बुचं असलेल्या बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी पाणी बघावं आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. भातसा-वैतरणा धरणांचं नळाचं पाणी पिण्यासाठी उत्तम असलं तरी त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. आम्ल कधीही वरून घालू नये. उडतं ते पाणी, आम्ल आतच असतं.

तरीही बॅटरी बसली, तर? पूर्वी चार जण बोलावून, दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून गाडी सुरू व्हायची. आता ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्यांना ते चालत नाही. जंपर केबल लावताना क्रम पाळावा. लाल केबल बसलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि तिचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो, म्हणून शेवटची जोडणी तिच्या तोंडाशी करायची नाही. गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं असं समजू नये. अर्ध्या तासाच्या फेरीनं पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही. त्याच दिवशी ती रात्रभर चार्जरवर किंवा बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला लावावी, नाहीतर स्फटिक कडक व्हायला सुरुवात होते.

पण उपनगरांत आता ही केबलसुद्धा बऱ्याच ठिकाणी निरुपयोगी होत चालली आहे. पुनर्विकास झालेल्या इमारतींत स्टॅक आणि पझल पार्किंग आलं आहे. लोखंडी तक्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर किंवा खड्ड्यात उभी असलेली गाडी. तिच्या शेजारी दुसरी गाडी आणून लावता येत नाही, तिला ढकलता येत नाही, बोनेट पूर्ण उघडायला जागा नसते. तक्ता खाली येईपर्यंत बाकीच्यांची रांग लागते. अशा ठिकाणी एकाची बॅटरी बसली की चौघांची सकाळ जाते. अशा घरांनी मोबाइलच्या पॉवरबँकसारखा लिथियमचा छोटा जंप स्टार्टर घरात ठेवावा. गाडीत नाही, उन्हात तापलेल्या केबिनमध्ये त्याचंच आयुष्य संपतं. पण दीर्घकाळाचा उपाय म्हणजे पार्किंगच्या जागी वीज.

ही मागणी आता अवास्तव राहिलेली नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानं नव्या निवासी प्रकल्पांत पार्किंगच्या किमान २० टक्के जागा चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलं, आणि जुन्या सोसायट्यांतही इलेक्ट्रिक गाडी घेणारे सभासद जोडणी मागू लागले आहेत. इलेक्ट्रिक गाडीतही एक १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. तेव्हा पेट्रोलवाले आणि इलेक्ट्रिकवाले यांचे हितसंबंध इथे एकच आहेत. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगला काही किलोवॉटचा भार लागतो आणि मंजुरी मिळवावी लागते. बॅटरी राखणाऱ्या चार्जरला शंभर वॉटसुद्धा पुरतात, जिन्यातल्या काही दिव्यांइतका भार. कमिटीची नेहमीची हरकत अशी की सामायिक मीटरवर एकाच्या गाडीचा खर्च सगळ्यांनी का सोसावा. हरकत रास्त आहे, म्हणून सॉकेटला छोटा सबमीटर लावावा आणि युनिटप्रमाणे आकारणी करावी. सुरक्षेची हरकतही रास्त आहे. जिन्यावरून लोंबकळणारी एक्स्टेंशन वायर कुणीच चालवून घेऊ नये. भिंतीत बसवलेला झाकणाचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थ लीकेज ब्रेकर, पावसाच्या पाण्याच्या पातळीच्या वर. तळघरात असेल तर हवा खेळती. अंधेरी-बोरिवली-घाटकोपरकडे अदानीची आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरणची वीज, पण एवढ्या भारासाठी दोन्हीकडे सामायिक जोडणी पुरते. परवानाधारक इलेक्ट्रिशियननं एका दिवसात करण्याजोगं हे काम आहे. सहकारी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. पार्किंगच्या दर चार-पाच गाड्यांमागे एक सॉकेट, सबमीटरसह, असा ठराव यंदाच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सभासदाचं एक पत्र पुरतं.